लेकीसाठी भिजवलेला गहू

सहा महिन्यांच्या माणसानं तोंड मिटायचं ठरवलं, तर ते उघडेल असं अवजार अजून निघालेलं नाही. मी शेतकरी आहे. पान्हे, पकडी, सब्बल सगळं घरात आहे. ट्रॅक्टरचा गंजून बसलेला नट मी सोडवतो आणि वर आजूबाजूच्यांना दाखवतो. पण लेकीच्या त्या दोन ओठांपुढे मी हात टेकले.

सुरुवात उष्टावणाला झाली. तिचा मामा रिसोडहून नवा पांढरा शर्ट घालून आला. पाटाभोवती रांगोळी, चांदीची वाटी, चांदीचा चमचा, वाटीत खीर. मामानं चमचा ओठाला लावला. लेकीनं शांतपणे खीर आत घेतली, थोडा विचार केला आणि सगळीच्या सगळी मामाच्या शर्टावर परत केली. बायका हसल्या. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो, कारण शर्ट माझा नव्हता. त्या दिवसापासून चमचा दिसला की ती ओठ असे आवळायची, जसा पिशवीचा नाडा कुणी ओढला आहे.

माझी बायको शिक्षिका आहे. तिची शाळा अशा गावात आहे की आमच्या मेडशीहून जा नाहीतर रिसोडहून, जीप सारखीच हाडं खिळखिळी करते. बाळंतपणाची रजा दिवाळीच्या सुट्यांना येऊन मिळत होती. सुट्या संपल्या की तिला शाळेत हजर व्हायचं होतं. बाटली लेकीला चालत नव्हती आणि दुधाशिवाय दुसरं काही ती तोंडात घेत नव्हती. दिवसभर राहणार कशी? सासूबाईंनी फोनवरच तोडगा काढला होता: दोघींनी रिसोडला यावं, पोरीला त्या पाहतील, बायकोनं तिथूनच शाळेत जावं. लेक चांगली खाती-पिती झाली की मग पाहू.

बायकोनं मला तो निकालासारखा सांगितला. "सुट्या सरेपर्यंत पोरगी तुमच्या हातून वाटीभर खाईन तं आमी इथंच. नाई तं मी आन पोरगी रिसोडले. आईच्या हाताले गुण हाये."

"आन माह्या हाताले?"

"तुमच्या हाताले ग्रीस हाये."

मी हसलो खरा, पण आतून हललो. लेक सकाळी उठली की छताच्या पंख्याशी बोलते. बराच वेळ बोलते, मधेच त्याचं ऐकून घेते. उद्यापासून हे सगळं रिसोडच्या पंख्याला ऐकायला मिळणार, या विचारानं मला त्या पंख्याचा राग यायला लागला.

मग मी जाहीर करून टाकलं की बाजारातला डबा आणायचा नाही. आपल्या विहिरीजवळच्या तुकड्यातला गहू, आपला मूग, घरचं सत्व. गहू भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, भाजायचा, दळायचा, वस्त्रगाळ करायचा आणि शिजवून त्यात एखादं फळ कुस्करायचं. मोबाईलवर एक बाई हे सगळं इतक्या सहज करून दाखवत होती की मला वाटलं, गव्हाबद्दल ही मला काय शिकवणार?

एका टोपलीत मी ओलं पांढरं फडकं अंथरलं, त्यावर भिजवलेला गहू पसरला. येताजाता शिंपडायला पाणी हाताशी असावं म्हणून तांब्याचा तांब्या भरून टोपलीच्या मधोमध ठेवला. घरात सगळ्यात थंड जागा देवघराच्या खिडकीखालच्या कोपऱ्याची, तिथे टोपली सरकवली. आणि दुसऱ्याच दिवशी सोयाबीन सोंगायला आलं. मजूर, ताडपत्री, मळणीचा हडंबा कधी मिळतो त्याची वाट, मिळाल्यावर त्याचा खडखडाट आणि नाकातोंडात भुसा. गहू मी साफ विसरलो. बायको येताजाता त्यावर पाणी मारत होती. तिला वाटलं, यांचं असंच असेल, एवढं मोबाईलवर पाहिलं आहे तर.

आई तेव्हा वाशीमला बहिणीकडे होती, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. मोतीबिंदू निघाला, पट्टी सुटली आणि ती काळा चष्मा लावून मेडशीला परत आली. मी शेतातून घामाघूम होऊन आलो तर ती देवघराच्या दारात उभी. चष्मा कपाळावर. हात जोडलेले. वाकायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं, म्हणून ताठ उभी.

"बसवला तू घट?" ती म्हणाली. "सांगतलं नाई मले."

मी आत डोकावलो. टोपलीभर बोटबोट उंचीचे अंकुर उभे होते, दाट, एकमेकांना खेटून. मधे तांब्या. नवरात्र सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले होते आणि मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे घट बाबा बसवायचे. ते गेले त्या वर्षी बसला नाही आणि पुढच्या वर्षी कुणी विषयच काढला नाही.

आई टोपलीकडे पाहतच होती. "एवढं हिरवं असते का रे हे?" ती हळूच म्हणाली. "मले तं किती वर्षं झाले, हे मातकटच दिसे."

तिच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सत्तरीची बाई, सगळं आयुष्य शेतात काढलेली, आणि हिरवा रंग पाहून थक्क झालेली. तिच्यामुळे मीही पाहिलं. खरोखरच, एवढं हिरवं असतं? प्रत्येक पात्याच्या टोकाला एक थेंब होता आणि पातं हललं तरी तो सुटत नव्हता. आता अशा वेळी कोणता शहाणा माणूस म्हणेल, की आई, हे बाळाचं खाणं आहे, बिघडलंय?

"हो," मी म्हटलं. "बसवला."

"माळा कुठं हायेत? रोज एक माळ लागते न."

"फुलं नाई भेटले."

"थांब. राह्यलेल्या माळा आजच करू."

मागे बायको पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली होती. स्वैपाकघरात मला गाठून म्हणाली, "पूजा करा आता सत्वाची. भोग लावा. पोरीचं काय?"

पोरगी मात्र खुशीत होती. रोज संध्याकाळी आई दिवा लावायची, वर झेंडूची माळ टांगायची, आणि लेक माझ्या मांडीवर बसून त्या दिव्याकडे आणि हिरव्या रानाकडे टक लावून पाहायची. एकदा तिनं दोन्ही हात पुढे केले. आईला वाटलं तिनं नमस्कार केला. माझ्या मते तिला तांब्या हवा होता.

दसऱ्याच्या सकाळी घट हलला आणि माझं बिंग फुटलं. आईनं पाती उपटायला घेतली तर खाली माती नव्हती. मुळांनी गच्च विणलेलं फडकं वर आलं.

"माती कुठं हाये रे?"

मी वरच्या झेंडूच्या माळा उतरवायला लागलो. बायको पुन्हा भिंतीकडे.

आईनं फडकं उलटंपालटं करून पाहिलं, चष्म्यावरून मला पाहिलं. "पोरीच्या खायासाठी भिजू घातला व्हता न तू गहू?"

"हो."

"मले वाटलंच. तुह्या बापानं पाट आण म्हटलं तं तू पोळपाट आणे. तुले घट कसा येईन?" मग तिनं चार पाती निवडून लेकीच्या टोपीत खोचली. "राहू दे. बसली ते बसली."

तोवर दुसरा घाणा बायकोच्या देखरेखीखाली सुरू झाला होता. या वेळी गहू आणि मूग वेगवेगळे, कापडात बांधून, खुंटीला टांगून. दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडली तर प्रत्येक दाण्याला तिळाएवढा पांढरा अंकुर. मी पेरणी करून करून केस पांढरे करत आलो, पण दाणा मातीत गेला की पुढचं त्याचं तो पाहतो. गहू असा उजेडात जागा होताना मी कधी पाहिला नव्हता. पोत्यात वर्षभर निर्जीव पडलेला दाणा. पोतं कितीदा पाठीवरून फेकलं असेल, त्यावर बसून कितीदा चहा घेतला असेल. आत सगळा वेळ हे होतं? मी ते दाणे तळहातावर घेऊन बराच वेळ उभा राहिलो. बायकोला वाटलं, मला चक्कर आली.

दाणे बाजेवर सावलीत वाळले. मग भाजण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण आईला धुराजवळ जायची मनाई होती आणि बायको लेकीला पाजत होती. मंद जाळावर हलवत राहायचं, एवढंच. तेवढ्यात सोयाबीनच्या भावाचा फोन आला. मी एका हातानं हलवत होतो असं मला वाटत होतं. फोन ठेवला तेव्हा कळलं, हलवत मान होतो.

बायको आली. कढईत पाहिलं. "हे सत्व हाये का सुरमा?"

"थोडं जास्त भाजलं गेलं."

"थोडं? पोरीच्या डोळ्यात घाला आता, तोंडात नका घालू."

तिसरा घाणा तिनं स्वतः भाजला. घरभर असा वास सुटला की शेजारची मांजर उंबऱ्यावर येऊन बसली. आता फक्त दळून आणायचं होतं, आणि ते मी डोळे मिटून करतो असं म्हणालो. तसंच केलं.

आमच्याकडे चक्कीवर दळण टाकताना चक्कीवाला विचारतो, कोणाच्या मागं टाकू? कारण आधीच्याचं पीठ जात्याला उरलेलं असतं. ज्वारीच्या मागे ज्वारी, गव्हाच्या मागे गहू असं लोक पाहून नंबर लावतात. मला घाई होती. "टाका कोणाच्याही मागं," म्हणालो. माझ्या पुढे एका बाईची हरभऱ्याची डाळ होती. पिवळंधमक पीठ घेऊन मी घरी आलो.

बायकोनं डब्यात नाक घातलं. "याचं पोरीले करू का तुमाले भजे तळू?"

भजे झाले. चांगले झाले होते, हे मी तेव्हा बोललो नाही.

चौथ्या खेपेला मी सकाळी चक्की उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. तरी माझ्या आधी तिघीचौघी होत्या. सणाचे दिवस, गर्दी व्हायचीच. चक्कीवाल्यानं माझा डबा पाहिला. "आज काय, पुन्हा भज्याचं?"

"नाई हो. लेकराचं हाये. पहिल्या घासाचं."

मी काही फार मोठ्यानं बोललो नव्हतो. पण पुढच्या बायकांनी मागे वळून पाहिलं आणि आपापले डबे बाजूला सरकवले. "लेकराचं हाये? मंग पहिले तुमी टाका, भाऊ." त्यातल्या एकीला मी ओळखतही नव्हतो. तिनं आपल्या डब्यातला ओंजळभर गहू काढला आणि चक्कीवाल्याच्या हाती दिला. "हा टाका अगुदर. जातं धुऊन निघूं द्या. मंग लेकराचं."

तिचा गहू जात्यातून गेला, कालचं जे काही उरलं होतं ते घेऊन बाहेर पडला. ते पीठ चक्कीवाल्यानं बाजूच्या डब्यात झाडून घेतलं. मग माझं दळण. पहिली धार हातावर घेतली तर ती गरम होती, मऊ, आणि तिला फक्त भाजल्या गव्हा-मुगाचा वास होता. त्या बाईनं लेक कोणाची, केवढी, काही विचारलं नाही. आभार मानावेत म्हणून मी तोंड उघडलं, तर चक्कीच्या पट्ट्याच्या आवाजात माझंच मला ऐकू आलं नाही.

आता सत्व उत्तम होतं. बायकोनं ते मलमलच्या फडक्यातून गाळलं, शिजवलं. मीठ नाही, साखर नाही, वर्षाच्या आत द्यायचं नाही म्हणून. त्यात केळं कुस्करलं. लेकीला मांडीवर घेऊन मी चमचा पुढे केला.

नाडा आवळला.

त्यानंतर दिवाळीपर्यंत मी जे केलं त्याची गावात अजून नक्कल होते. चांदीचा चमचा सोडून स्टीलचा, मग लाकडी, मग वाटीच तोंडाला. केळ्याऐवजी चिकू, मग वाफवलेलं सफरचंद. मी कोंबडी झालो, बकरी झालो, हडंबा झालो. हडंब्याला ती खदखदून हसली आणि तोंड उघडलं म्हणून मी चमचा पुढे नेला, तर हसता हसताच मिटलं. आई बाजेवरून म्हणायची, "अरे, थे तुले पाहून राह्यली. सिनेमा सोडून कोन जेवते?" बायको आता टोमणे मारत नव्हती. ती लेकीचे कपडे धुऊन, घड्या करून एका बाजूला ठेवत होती, आणि त्या घड्यांकडे पाहणं मी टाळत होतो.

भाऊबीज झाली आणि सासूबाई आल्या. शाळा उघडायला एक दिवस होता. एसटीनं आल्या, हातात रिकामी मोठी बॅग. चहा होताच त्यांनी ती उघडली आणि लेकीचे फ्रॉक, टोपडी, दुपटी एकेक करून भरायला घेतली. घाई नव्हती, राग नव्हता. एखादी बाई आपलं काम करते तसं.

मी सासूबाईंना म्हटलं, "मामी, एक डाव पाहू द्या मले."

"पाहा न, जावईबापू. मी कुठं नाई म्हणून राह्यली."

डोंगरातली सीताफळं आमच्याकडे रस्त्याच्या कडेला टोपल्यांनी विकायला बसतात. शेवटची शेवटची होती. मी एक पिकलेलं फोडलं, हात स्वच्छ धुऊन एकेक बी काढली, गर चाळणीवर घासला, पुन्हा बोटांनी चाचपून पाहिला. मऊ शिजवलेल्या सत्वात तो मिसळला. लेकीला घेऊन ओसरीवर मांडी घालून बसलो. समोर आई, दारात बायको, बॅगेजवळ सासूबाई. चमचा पुढे केला. लेकीनं चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ आवळले.

मी चमचा खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, आणि सीताफळ म्हणजे माझा जीव. रडू आलं की मला भूक लागते, हा माझा जुना आजार. बोटानं वाटीतलं घेतलं आणि मी खायला लागलो. दुसऱ्यांदा घेतलं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "पोरीले राहूं द्या, तुमालेच कोनी भरवा लागते का?"

माझ्या तोंडात घास होता. लेक माझ्या मांडीवरून वर पाहत होती, डोळ्यांत नाही, माझ्या जबड्याकडे. जबडा हलला की तिचे डोळे हलत होते. मी गिळलं तेव्हा तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं, जसं तिथून काही चालत गेलं. मग दोन्ही हातांनी तिनं माझं बोट धरलं. वाटीतून वर येत असलेलं, सत्व लागलेलं. त्या एवढ्याशा हातांत ओढ एवढी, की मी बोट सोडवायचं म्हटलं असतं तरी सुटलं नसतं. तिनं ते ओढलं आणि तोंडात घातलं.

आत ऊब होती, आणि हिरडीवर खालच्या बाजूला काहीतरी टोचलं. दाताची कणी. आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. जीभ बोटाभोवती फिरली, थांबली. तिच्या कपाळावर आठी आली, अगदी बाबांसारखी. आणि मग तिचा गळा हलला.

मी खूप काही पाहिलं आहे असं नाही. पण जे पाहिलं त्यात त्या हलण्याएवढं मोठं काही नाही. आजवर तिच्या अंगात जे होतं, नख, केस, पंख्याशी बोलण्याचं बळ, ते सगळं तिच्या आईचं होतं. हा पहिला घास जमिनीचा. विहिरीजवळच्या तुकड्यातला गहू आता तिचं बोट होणार, तिचं हसणं होणार. गहू रोज लाखो लोकांच्या पोटात हे करतो आणि कुणी वाजतगाजत सांगत नाही. माझ्या अंगावर काटा आला. मी तो लपवलाही नाही.

तिनं तोंड उघडलं. आपणहून. मी पुन्हा बोट भरलं. पुन्हा उघडलं. आई बाजेवरून उतरून जवळ आली होती, चष्मा काढून पाहत होती. बायको दाराची चौकट धरून उभी होती, जणू ती सोडली तर हे सगळं मोडेल. सासूबाईंचे हात बॅगेत तसेच थांबले होते. मग ते हळूहळू पुन्हा चालू लागले, पण उलटे. एक फ्रॉक बाहेर. एक टोपडं बाहेर. दुपटं झटकून, घडी मोडली होती म्हणून नव्यानं घालून, बाहेर.

"उद्याची जीप लवकर असंन न तुही," त्या वर न पाहता माझ्या बायकोला म्हणाल्या. "डब्याची तयारी आताच करून ठेव."

मी ऐकत होतो, पण मला काही कळत नव्हतं. बोट भरायचं, पुढे न्यायचं, गळ्याकडे पाहायचं. बोट भरायचं, पुढे न्यायचं. लेक तोंड उघडून बसली होती, मी बोट पुढे धरून बसलो होतो, आणि वाटी केव्हाची रिकामी झाली आहे, हे मला सासूबाईंनी दंडाला हलवून सांगावं लागलं.